अज्ञानाचें ज्ञान

आमच्या कायद्याच्या मराठींत अठरा वर्षांखालील मुलास 'अज्ञान' असें म्हणतात. सातबाराच्या उताऱ्यावर अशा मुलाच्या नांवापुढें 'अ. पा. क.' हीं अक्षरें लागतात. 'अज्ञान पालन कर्ता' असा त्यांचा विस्तार. अठरावें वर्ष पुरें झालें कीं तोच मुलगा एका रात्रींत 'सज्ञान' होतो. आणि आईबाप विभक्त झाले म्हणजे या अज्ञानानें कोणाच्या घरीं राहावयाचें, या प्रश्नास कोर्टाच्या भाषेंत 'ताब्याचा' प्रश्न म्हणतात. ताबा शेताचा असतो, घराचा असतो, गहाण पडलेल्या दागिन्याचा असतो. तसाच तो मुलाचाहि असतो. हे शब्द ज्यांनीं रूढ केले त्यांच्या मनांत कांहीं वाकडें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु फार दिवस वापरलेला शब्द हळूहळू विचाराची जागा घेतो, आणि ज्यास आपण रोज अज्ञान म्हणतों त्यास खरोखरीच कांहीं कळत नाहीं असें आपणांस वाटूं लागतें.

हेन्री जेम्स या कादंबरीकारानें १८९७ सालीं जी कादंबरी प्रसिद्ध केली तिचें नांव 'व्हॉट मेझी न्यू'. म्हणजे, मेझीला काय ठाऊक होतें. घटस्फोट घेतलेल्या आईबापांच्या मुलीची ती कथा आहे. ग्रंथाच्या नांवांतच लेखकानें आपला पक्ष सांगून टाकला आहे. कोर्ट विचारतें, मुलास कोण हवें? लेखक विचारतो, मुलास काय ठाऊक आहे? वरवर पाहतां हे दोन प्रश्न एकच वाटतात. परंतु त्यांत मोठें अंतर आहे, आणि या विषयावरील चांगली कृति कोणती व सामान्य कोणती हें ओळखण्याची खूणहि आमच्या मतें त्याच अंतरांत आहे. विभक्त आईबापांच्या वाढत्या मुलास आपल्या राहण्याविषयीं बोलण्याचा अधिकार किती असावा, याचा निकाल देणें हें समालोचकाचें काम नव्हे. तथापि ज्या लेखकांनीं व चित्रपटकारांनीं या प्रश्नाचा मनापासून विचार केला त्यांच्या कृति शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर कायद्यानेंहि ऐकावें असें कांहीं हातीं लागतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यांत सांगितली पाहिजे. १८८३ सालीं इंग्लंडांत अ‍ॅगर-एलिस या कुटुंबाच्या प्रकरणाचा निकाल झाला. बाप प्रॉटेस्टंट, आई रोमन कॅथलिक. मुलींनीं कोणता पंथ पाळावा यावरून दोघांचें बिनसलेलें. सोळा वर्षांच्या मुलीची मागणी अशी कीं सुट्टीचे दिवस आपणांस आईजवळ काढूं द्यावे. अपील कोर्टानें ती नाकारली. बापाच्या अधिकारांत कोर्टानें हात घालूं नये, तो अधिकार निसर्गानेंच दिलेला आहे, असें त्या निकालाचें सार होतें. पुढें १९६९ सालीं लॉर्ड डेनिंग यांनीं हा विचार कडक शब्दांत बाजूस सारला. मूल वाढत जातें तसा आईबापांचा अधिकार आटत जातो. आरंभीं तो हुकूम असतो आणि शेवटीं सल्ल्यापलीकडे फारसा उरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. १९८५ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनेंहि हेंच मत उचलून धरलें.

आमच्या देशांतील कायदा जुना असला तरी या एका बाबतींत त्या काळच्या मानानें उदार होता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या सतराव्या कलमांत असें म्हटलें आहे कीं समजून उमजून पसंती ठरविण्याइतकें मूल मोठें असेल तर कोर्टास ती पसंती विचारांत घेतां येईल. 'घेतलीच पाहिजे' असें नव्हे, 'घेतां येईल'. त्यानंतर १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें मुलाचें कल्याण हा सर्वांत वरचा विचार ठरविला. संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं बालहक्कांचा करार संमत केला; त्याच्या बाराव्या कलमानें स्वतःचें मत बनवूं शकणाऱ्या प्रत्येक मुलास स्वतःसंबंधींच्या सर्व बाबींत तें मोकळेपणानें मांडण्याचा हक्क दिला, आणि वय व समज पाहून त्या मतास वजन द्यावें असें सांगितलें. १९९२ सालीं भारत या करारांत सामील झाला. सारांश, शंभर वर्षांत सोळा वर्षांच्या मुलीच्या अर्जास केराची टोपली दाखविण्यापासून तिचें म्हणणें ऐकून घेण्यापर्यंत कायदा आला आहे. ही प्रगति लहान नव्हे. परंतु ऐकावयाचें काय, या बाबतींत कायद्याचा कान अजून बव्हंशीं एकाच शब्दाकडे लागलेला असतो, आणि तो शब्द म्हणजे 'पसंती'.

जुन्या कथांत तर मुलास शब्दच नाहीं. सॉलोमन राजापुढें दोन बाया एका अर्भकासाठीं भांडतात. जातककथेंतील महौषधापुढेंहि खरी आई आणि एक यक्षिणी यांचा तसाच वाद येतो. दोन्ही ठिकाणीं न्यायाधीशाची हुशारी वाखाणली जाते, आईची माया सिद्ध होते, आणि ज्याच्याविषयीं हें सारें चाललें आहे तें मूल तेवढें मुकें राहतें. अर्भकच तें, दुसरें काय करणार? परंतु आमच्याच परंपरेंत एक कथा अशी आहे कीं तिच्यांतील मुलगा बोलतो, आणि असें बोलतो कीं ऐकणाऱ्यानें मान खालीं घालावी.

ती कथा ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाची. हरिश्चंद्राच्या मुलाऐवजीं वरुणास बळी देण्यासाठीं कोणाचा तरी मुलगा हवा असतो. अजीगर्त नांवाच्या भुकेल्या ब्राह्मणास तीन मुलगे आहेत. बाप म्हणतो, थोरला देणार नाहीं. आई म्हणते, धाकटा देणार नाहीं. मधला शुनःशेप शंभर गाईंस विकला जातो. पुढें त्यास यूपाशीं बांधावयास कोणी पुढें येईना, तेव्हां आणखी शंभर गाई घेऊन बापच त्यास बांधतो. मारावयास कोणी तयार होईना, तेव्हां तिसरें शतक घेऊन सुरीहि तोच हातीं घेतो. देवांची स्तुति करून मुलगा सुटतो आणि विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. आतां बाप म्हणतो, माझा मुलगा मला परत द्या. ताब्याचा खटला उभा राहतो तो येथें. शुनःशेप काय उत्तर देतो? मला विश्वामित्र आवडतो असें तो म्हणत नाहीं. तुझ्या हातांत सुरी होती, ती साऱ्यांनीं पाहिली आहे, तिच्यापुढें तुझ्या तीनशें गाई तूं मोठ्या मानल्यास, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. आणि विश्वामित्राकडे जातांना तो भाबडेपणानेंहि जात नाहीं. तुझ्या एवढ्या मुलांत माझें स्थान कोणतें, वारसा कोणता, हें तो आधीं विचारून घेतो. ही पसंती नव्हे, ही साक्ष आहे. मुलास काय हवें यापेक्षां मुलानें काय पाहिलें हें अधिक महत्त्वाचें, हा विचार इतक्या जुन्या ग्रंथांत इतक्या स्पष्टपणें यावा याचें आम्हांस नवल वाटतें.

आतां मेझीकडे वळूं. बील फॅरेंज आणि आयडा यांचा घटस्फोट होतो तेव्हां ती सहा वर्षांची आहे. बऱ्याच ओढाताणीनंतर असें ठरतें कीं तिनें सहा महिने बापाकडे व सहा महिने आईकडे राहावें. या वांटणीविषयीं बोलतांना जेम्सलाहि सॉलोमनचीच आठवण होते, आणि ती उपहासानें होते. दोघांनाहि मुलगी हवी आहे ती मायेपोटीं नव्हे. दुसऱ्यास झोंबेल असें कांहीं तिच्याबरोबर धाडतां यावें म्हणून. बापाचे अपशब्द ती आईला जशाच्या तशा नेऊन सांगते, कारण निरोप पोंचविणें हें चांगल्या मुलीचें काम अशी तिची समजूत आहे. आणि मग एके दिवशीं तिच्या ध्यानांत येतें कीं आपण विसरलों, आपणांस कळलें नाहीं, आपण मठ्ठ आहों, असें दाखविलें तर निरोप थांबतात. ती मठ्ठ होते. आईबाप चिडतात आणि मुलगी निर्बुद्ध निघाली म्हणून एकमेकांस दोष देतात. कादंबरींतील हा पहिला मोठा क्षण. कायदा ज्यास अज्ञान म्हणतो तें येथें मुलीनें जाणूनबुजून पांघरलेलें वस्त्र आहे. मुलाच्या न बोलण्यास न कळणें समजणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्यानें हें प्रकरण एकदां तरी वाचावें.

पुढें दोघेहि पुन्हां लग्न करतात. बाप मेझीच्या शिक्षिकेशीं, मिस ओव्हरमोअरशीं. आई सर क्लॉड नांवाच्या देखण्या, मायाळू पण दुबळ्या गृहस्थाशीं. ज्या मुलीसाठीं भांडण झालें ती आतां दोघांसहि नकोशी होते, आणि सावत्र बाप व सावत्र आई यांचें एकमेकांशीं जुळतें. शेवटचा प्रसंग फ्रान्सच्या किनाऱ्यावर बूलोन येथें घडतो. मिसेस विक्स ही वृद्ध, गरीब, थोडी हास्यास्पद शिक्षिका एका बाजूस; सर क्लॉड आणि त्याची नवी सोबतीण दुसऱ्या बाजूस. सर क्लॉड मुलीस विचारतो, मिसेस विक्सला सोडून तूं आमच्याजवळ राहशील का? येथें सामान्य लेखकानें मुलीकडून होय किंवा नाहीं वदवून घेतलें असतें. जेम्सची मेझी अट घालते. तुम्ही तिला सोडाल तर मीहि मिसेस विक्सला सोडीन. ज्यास ती सर्वांहून अधिक प्रेम करते त्याच्यापुढें ती त्याचाच दुबळेपणा ठेवते. तें त्यास झेंपत नाहीं. मेझी मिसेस विक्सबरोबर आगबोटीनें इंग्लंडास परत जाते. तिनें मिसेस विक्सची निवड केली असें म्हणणें चूक होईल. तिनें प्रश्न विचारणारांची परीक्षा घेतली, आणि ते नापास झाले.

या कादंबरीचा दोषहि सांगितला पाहिजे. जेम्सचें वाक्य इतकें आडवळणाचें कीं मुलीच्या मनांत शिरण्याऐवजीं वाचक कधीं कधीं वाक्यांतच अडकून पडतो. मेझीला जें कळतें तें सांगावयास तिच्याजवळ शब्द नाहींत म्हणून लेखक आपले शब्द देतो, हें त्याचें समर्थन ठीक आहे. परंतु मधल्या कांहीं प्रकरणांत ते शब्द मुलीस जड होतात. तरी मुलाचें ज्ञान हा कादंबरीचा विषय होऊं शकतो हें इतक्या निश्चयानें दाखविणारी दुसरी इंग्रजी कादंबरी आम्हांस ठाऊक नाहीं.

मन्नू भंडारी यांची 'आपका बंटी' ही हिंदी कादंबरी १९७१ सालची. तिच्यांतील बंटी आठनऊ वर्षांचा, म्हणजे आमच्या विषयाच्या मानानें लहान आहे. तथापि या चर्चेंत तिला टाळतां येत नाहीं. त्याची आई शकुन कॉलेजांत प्राचार्या आहे. बाप अजय कलकत्त्यास असतो. घरीं बाग आहे, फूफी नांवाची जुनी मोलकरीण आहे, आणि दोन्हीकडचे निरोप नेणारे वकीलचाचा आहेत. शकुन डॉक्टर जोशींशीं लग्न करते. फूफी हरिद्वारास निघून जाते. बंटी नव्या घरांत उपरा होतो, मग कलकत्त्यास बापाच्या नव्या संसारांतहि उपराच ठरतो, आणि अखेरीस त्याची रवानगी वसतिगृहांत होते. या सर्व प्रवासांत बंटीस कोणी मारीत नाहीं, उपाशी ठेवीत नाहीं. त्याच्याविषयीं सारेजण काळजीनेंच बोलतात. फक्त त्याच्याशीं कोणी बोलत नाहीं. वकील, आई, बाप, डॉक्टर या सर्वांनीं त्याच्या हिताचा विचार केला आहे, आणि त्या विचाराची बातमी त्यास शेवटीं कळते.

भंडारी यांचें मोठेपण असें कीं त्यांनीं कोणासहि खलपुरुष केलें नाहीं. शकुनला नवें आयुष्य हवें आहे, आणि तें मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, हें वाचकास पटल्यावांचून राहत नाहीं. मूल आणि आई यांच्या दोन रास्त मागण्या एकमेकींस छेद देतात, आणि त्यांतून होणारें दुःख कोणाच्याहि अपराधाचें नसतें. पुस्तकाचें नांव पत्राखालच्या सहीसारखें आहे, आणि त्यांतील 'आपका' हा शब्द वाचकासहि उद्देशून आहे असें आम्ही समजतों. बंटी आईचाहि राहिला नाहीं, बापाचाहि नाहीं. आतां तो आपला. मुलांस विचारून त्यांच्या कोवळ्या मनावर भार टाकूं नये असें म्हणणारे पुष्कळ सज्जन आहेत. त्यांस या कादंबरीचें उत्तर असें कीं, न विचारल्यानें भार टळत नाहीं. एकट्यानें उचलावा लागतो.

या दोन कादंबऱ्यांच्या शेजारीं १९७९ चा 'क्रेमर व्हर्सस क्रेमर' हा गाजलेला अमेरिकन चित्रपट ठेवला म्हणजे आम्ही आरंभीं सांगितलेली खूण पटते. त्यांतील बापाचें शिकणें, मुलासाठीं खपणें, हें सर्व हृद्य आहे. अपील करावें तर मुलास साक्षीस उभें करावें लागेल असें वकील सांगतो, आणि बाप माघार घेतो. हा प्रसंग उदात्त आहे यांत शंका नाहीं. परंतु मुलास काय ठाऊक होतें हा प्रश्न त्या चित्रपटास पडतच नाहीं. मूल तेथें बक्षीस आहे. योग्य माणसास तें मिळावें एवढीच प्रेक्षकाची तळमळ असते.

आतां एका खऱ्या आक्षेपास तोंड दिलें पाहिजे. वाढत्या मुलाचें मत हें त्याचें असतें कशावरून? ज्याच्या घरीं तो राहतो त्यानें तें पढविलेलें नसेल कशावरून? या आक्षेपाचा विचार नोआ बॉमबाक यांच्या 'द स्क्विड अँड द व्हेल' या २००५ च्या चित्रपटाइतका निर्भीडपणें आम्ही कोठें पाहिला नाहीं. काळ १९८६, स्थळ न्यूयॉर्कचा ब्रुकलिन भाग. आईबाप दोघेहि लेखक. बापाची कीर्ति उतरलेली, आईची उगवत असलेली. घटस्फोट होतो, मुलांचे आठवड्याचे वार वांटले जातात; मांजराचें काय, हाहि प्रश्न निघतो. सोळा वर्षांचा वॉल्ट बापाच्या पक्षाचा आहे. त्याचें मत विचारलें असतें तर त्यानें तें खणखणीत सांगितलें असतें. परंतु तें मत म्हणजे बापाचा प्रतिध्वनि आहे. न वाचलेल्या पुस्तकांवर तो बापाचे अभिप्राय सुनावतो. काफ्काची कथा 'काफ्काच्या धर्तीची' आहे असें ऐटीनें सांगतो. आणि शाळेच्या कार्यक्रमांत दुसऱ्याचें प्रसिद्ध गाणें स्वतःचें म्हणून गातो. सोळा वर्षांच्या मुलाची पसंती किती उसनी असूं शकते याचा याहून स्पष्ट पुरावा कोणास हवा?

परंतु चित्रपट येथें थांबत नाहीं, आणि त्याचें खरें मोल यापुढें आहे. गाण्याची चोरी उघडकीस आल्यावर शाळा वॉल्टला मानसतज्ज्ञाकडे धाडते. तो तज्ज्ञ त्यास आई हवी कीं बाप असें विचारीत नाहीं. एखादी सुखाची आठवण सांग, असें म्हणतो. वॉल्ट अडखळतो, मग त्यास आठवतें कीं लहानपणीं आई त्यास पदार्थसंग्रहालयांत नेई, तेथें देवमासा आणि महाकाय माकूळ यांची झुंज मांडलेली होती, तिच्याकडे पाहण्याचें त्यास धैर्य होत नसे, आणि घरीं आल्यावर आई त्या झुंजीचें वर्णन करी तेव्हां भीति ओसरे. या आठवणींत बाप कोठेंच नाहीं, हें सांगतां सांगतां त्याच्याच ध्यानांत येतें. शेवटीं बाप इस्पितळांत असतांना तो धांवत निघतो आणि त्या झुंजीपुढें डोळे उघडे ठेवून उभा राहतो. प्रश्न बदलतांच पढविलेलें मत गळून पडलें आणि मुलाचें स्वतःचें ज्ञान वर आलें. म्हणून मूल पढविलेलें असेल हा आक्षेप त्यास न ऐकण्याचें कारण होऊं शकत नाहीं. तो फार तर त्यास निराळें कांहीं विचारण्याचें कारण होतो. बापाचें पात्र मात्र थोडें अधिकच हास्यास्पद केलें आहे. त्यामुळें वॉल्टला त्याच्याविषयीं भक्ति कां वाटावी हें कांहीं ठिकाणीं समजेनासें होतें.

इराणचे असगर फरहादी यांचा २०११ चा चित्रपट इंग्रजींत 'अ सेपरेशन' या नांवानें ओळखला जातो. त्या वर्षीं बर्लिनच्या महोत्सवांत त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळालें आणि पुढील वर्षीं ऑस्करहि मिळालें. सीमिनला देश सोडून जावयाचें आहे. नादेरला स्मृतिभ्रंश झालेल्या बापास टाकून जाववत नाहीं. अकरा वर्षांची मुलगी तरमे दोघांच्या मध्यें आहे. आई माहेरीं जाते, मुलगी बापाजवळ राहते. यास पसंती म्हणावें का? आपण येथें राहिलों तर आई देश सोडून जाणार नाहीं, हा तरमेचा हिशोब आहे. ती बाप निवडीत नाहीं. दोघांस एकत्र ठेवण्याचा तिच्या हातीं असलेला एकुलता एक उपाय ती करीत आहे. पुढें घरकामास ठेवलेल्या बाईस नादेर दाराबाहेर ढकलतो आणि तिचा गर्भ जातो. ती गरोदर आहे हें त्यास ठाऊक होतें कीं नव्हतें, यावर खटला फिरतो. ठाऊक होतें, हें तरमेला उमगतें. आणि बापास वाचविण्यासाठीं ती न्यायाधिकाऱ्यापुढें खोटें बोलते. ज्या मुलीस अजून कोणी तिच्या स्वतःच्या आयुष्याविषयीं विचारलेलें नाहीं, तिला घराची अब्रू अशी खोटें बोलून सांभाळावी लागते. मोटारींत तिचे डोळे भरून येतात, तेव्हां बापाचा खटला सुटतो पण बाप सुटत नाहीं.

शेवटीं कोर्ट तरमेस विचारतें, तूं ठरविलेंस का? ती ठरविलें म्हणते. आईबापांसमोर सांगणें जड जात असेल तर त्यांस बाहेर पाठवूं का, असें विचारल्यावर दोघांस बाहेर पाठविलें जातें. कॅमेराहि बाहेर येतो. गजबजलेल्या वाटेवर, कांचेच्या दाराच्या दोन बाजूंस, ते दोघे वाट पाहतात आणि चित्रपट संपतो. उत्तर आपणांस कळत नाहीं. हा शेवट म्हणजे प्रेक्षकास चकविण्याची युक्ति, असें म्हणणारे आहेत. आम्हांस तें मान्य नाहीं. चित्रपटाच्या आरंभीं कॅमेरा न्यायाधीशाच्या जागीं असतो. नवराबायको आपल्याकडे तोंड करून आपली बाजू मांडतात, आणि आपणच न्याय देणारे आहों असें आपणांस वाटतें. दोन तासांनंतर आपणांस त्या आसनावरून उठवून आईबापांच्या रांगेंत बसविलें जातें. मुलीस काय ठाऊक आहे हें आपणांस एव्हांना पुरें कळलेलें आहे. तें कळल्यावर तिची निवड ऐकण्याचा आपणांस अधिकार उरत नाहीं. फरहादी तिचें उत्तर लपवीत नाहींत, ते तिची लाज राखतात.

या कृतींतून कायद्यानें काय घ्यावें? अमेरिकेंतील दोन राज्यांचे नियम पाहण्यासारखे आहेत. दोन्हीकडे चौदा हेंच वय महत्त्वाचें धरलें आहे. कॅलिफोर्नियांत चौदा वर्षांच्या मुलास कोर्टापुढें बोलावयाचें असेल तर, तें त्याच्या हिताविरुद्ध आहे असें कोर्टास वाटल्यावांचून, त्यास अडवितां येत नाहीं. जॉर्जियांत चौदा वर्षांच्या मुलास कोणाजवळ राहावयाचें तें निवडण्याचाच हक्क आहे. निवडलेला पालक मुलाच्या हितास बाधक ठरला तरच कोर्ट ती निवड बाजूस ठेवतें. आमच्या १८९० च्या कायद्यांत वयाचा आंकडा नाहीं, समज पाहावयाची आहे. हें आम्हांस बरें वाटतें. परंतु जॉर्जियाच्या वाटेनें जावें असें आम्हांस वाटत नाहीं. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातीं निवडीचा तराजू दिला कीं दोन्ही घरीं त्या तराजूंत कांहींबाही टाकण्याची चढाओढ सुरू होते, आणि एकास निवडलें म्हणजे दुसऱ्यास नाकारलें हें ओझें त्या मुलास जन्मभर वागवावें लागतें. बोलण्याचा हक्क निराळा, निवडण्याचें कर्तव्य निराळें. बालहक्कांच्या कराराचा अर्थ लावतांना संयुक्त राष्ट्रांच्या समितीनें २००९ सालीं हेंच सांगितलें आहे: मत मांडणें हा मुलाचा हक्क आहे, त्याच्यावरची सक्ति नव्हे. न बोलण्याचीहि त्यास मुभा आहे. मेझीचें मौन आणि तरमेचें बंद दार यांस कायद्याच्या भाषेंत मिळालेली ही मान्यता आहे असें आम्ही समजतों.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं वाढत्या मुलास अवश्य ऐकावें, एकांतांत ऐकावें, उतावळेपणा न करतां एकाहून अधिक वेळां ऐकावें. परंतु आई कीं बाप हा प्रश्न त्याच्यापुढें टाकून मोकळें होऊं नये. तुझा दिवस कसा जातो, रात्रीं भीति वाटली तर तूं कोणास हांक मारतोस, कोणत्या घरीं तुला खोटें बोलावें लागतें, असे प्रश्न त्यास विचारावे. यांचीं उत्तरें देणें मुलास जमतें, आणि त्यांवरून निवाडा करण्याची जबाबदारी ज्यांची आहे त्या मोठ्या माणसांनीं ती आपल्या शिरावर घ्यावी. शुनःशेपानें सुरी पाहिली होती. ती पाहिल्याचें त्याच्या तोंडून ऐकून घेणें हें सभेचें काम होतें, आणि त्या सभेनें तें केलें.

लेखकांसहि एक सांगणें आहे. या विषयावर आमच्याकडे जें लिहिलें जातें त्याचा ओघ पतिपत्नींच्या भांडणाकडे फार, आणि त्या घरांतील चौदापंधरा वर्षांच्या मुलामुलींकडे थोडा वळतो. तीं येतात तीं बहुधा कोणाच्या तरी दुःखाचें कारण म्हणून. त्यांस दया नको आहे. त्यांच्या ठायीं असलेल्या ज्ञानाची कदर हवी आहे. या विषयावर लिहूं इच्छिणाराने प्रथम 'आपका बंटी' वाचावी, कारण तिच्यांतील घर आपल्या घराहून दूर नाहीं. मग सवड काढून मेझीच्या आडवळणांत शिरावें. दोन्ही पुस्तकें मिटल्यावर 'अज्ञान' हा शब्द लिहितांना ज्याचा हात क्षणभर थांबेल, त्यानें या मुलांविषयीं लिहावयास हरकत नाहीं.